आर्डिसच्या अंगणातलं खोकं

माझ्या बहिणीचा नवरा वर्लिन टोलेफसन हा माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून तसं वाटायचं नाही. माझी बहीण डेलोरिस जाऊन बरीच वर्षं झाली. वर्लिन काउंटीच्या बर्फ काढायच्या गाड्या चालवायचा, आणि ती गेली त्याच सुमारास निवृत्त झाला. निवृत्त पुरुषाला आमच्या नॉर्बी गावात दोनच कामं असतात. सकाळी पेट्रोल पंपावरच्या टेबलाशी कॉफी पीत बसणं, आणि नको ती वस्तू विकत घेणं. वर्लिनने पहिलं काम मन लावून केलं. मग दुसरं केलं.

त्याने पिकअपच्या पाठीवर बसवायचं खोकं घेतलं. विकणारे त्याला कॅम्पर म्हणतात. चार पायांवर उभं असतं; पिकअप उलटी घेत त्याच्या खाली घालायची, पाय फिरवून वर करायचे, साखळ्यांनी आवळायचं, की झालं घर. आत शिरलं की एका हाताला शेगडी, दुसऱ्या हाताला टेबल आणि दोन बाकं, मध्ये एका माणसापुरती जमीन, आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावर आलेला पलंग. वर्लिन अंगाने दांडगा. पलंगावर आधी त्याचे गुडघे जातात, मग पोट, आणि मग उरलेला माणूस. मागच्या बाजूला एकच दार. त्या दारावर कंपनीने पट्टी चिकटवली होती, त्यावर लिहिलेलं, चारही ऋतूंसाठी. ही कंपनी दक्षिणेत कुठेतरी आहे म्हणे. तिथले चारही ऋतू उन्हाळ्याचेच असणार.

शहाणी माणसं असलं खोकं ऑक्टोबरात हरणांच्या शिकारीला नेतात. परत आलं की पाइपातलं पाणी काढून त्यात गोठू नये म्हणून ते गुलाबी औषध भरतात, खोकं उतरवून गराजशेजारी उभं करतात आणि एप्रिलपर्यंत विसरून जातात. वर्लिनने गुलाबी औषध भरलं, पण खोकं उतरवलं नाही. पंपावरच्या टेबलाला आठवडाभर पुरेल एवढा विषय मिळाला. लायल नावाचा एक चहाटळ म्हातारा तिथे बसतो, त्याने विचारलं, हिवाळ्यात कुठे निघालास? वर्लिन म्हणाला, कुठे नाही, नीगार्डबाईंच्या अंगणातला बर्फ काढायचा असतो शनिवारी, रात्री रस्त्यावर बर्फ साचतो, मग तिथेच पडलेलं बरं.

नीगार्डबाई म्हणजे आर्डिस. माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचं शेत नदीपलीकडे, गावापासून अर्ध्या तासावर. नवरा क्लेटन गेला तेव्हापासून त्या मोठ्या घरात ती एकटी. आर्डिस चांगली दिसते, क्रिबेज पत्त्यांत कुणाला हार जात नाही, आणि तिच्या हातचा लेफ्सा, बटाट्याची ती पातळ पोळी, लोण्यासाखरेबरोबर खाल्ली की माणूस उठत नाही. वर्लिन तिच्याकडे बर्फ काढायला जातो ही गोष्ट खरी होती. बर्फ नसला तरी जातो हीही खरी होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. डेलोरिसला तर हसूच आलं असतं.

पहिल्या शुक्रवारी तो अंगणात येऊन थांबला, गराज आणि दिव्याच्या खांबाच्या मध्ये. गराजमधून लांब वायर ओढून खोक्याला लावली, दुसरी वायर गाडीच्या इंजिनाला. आमच्याकडे इंजिन गोठू नये म्हणून गाड्यासुद्धा रात्री विजेला लावून झोपवाव्या लागतात. आर्डिस कोट घालून बाहेर आली आणि म्हणाली, वरची खोली रिकामी आहे. वर्लिन म्हणाला, नको, नको, इथे ठीक आहे. ती म्हणाली, अंथरूण घातलेलंच आहे. तो म्हणाला, तुला कशाला त्रास.

इथवर सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. आमच्याकडे काहीही देऊ केलं की दोनदा नको म्हणायचं असतं. पहिल्या नकाराला कोणी नकार समजत नाही, दुसऱ्याला थोडंसं समजतं, आणि तिसऱ्यांदा विचारलं की माणूस खाली बघत म्हणतो, बरं, तुझा एवढा आग्रहच असेल तर. मग कॉफी ओतायची, केक कापायचा, काय असेल ते. यात आमच्या आजोबा-पणजोबांचं आयुष्य गेलं, आमचं चाललंय. कोणाला काही लागत नाही, कोणी काही मागत नाही, आणि सगळ्यांना सगळं मिळतं. फक्त चौथ्यांदा कोणी विचारत नाही. चौथ्यांदा विचारणं म्हणजे पाय धरणं.

आर्डिसने तिसऱ्यांदा विचारलं. वर्लिनने तोंड उघडलं, आणि नेमका त्याच वेळी रस्त्यावरून लायल गाडी सावकाश करून गेला. आता पंपावर छाती पुढे काढून सांगितलेलं, की या खोक्यात शून्याखाली चाळीस असलं तरी माणूस बनियनवर झोपतो. शिवाय विधवेच्या घरात रात्री राहिला तर चर्चच्या बायका काय म्हणतील ही धास्ती. म्हणून अब्रू जपायला याने त्याच विधवेच्या अंगणात, दिव्याच्या खाली, दोन मैलांवरून दिसेल असं पांढरं खोकं उभं केलं होतं. आणि तो तिसऱ्यांदाही नको म्हणाला.

झालं. आर्डिस आत गेली. मला तिनेच हे सांगितलं, बटाटे सोलता सोलता. तिच्या आवाजात काही नव्हतं, पण साल भलतीच जाड निघत होती.

मग त्या हिवाळ्यात दर शुक्रवार ते रविवार हा तमाशा चालला. श्वासात पाणी असतं हे वर्लिनला या वयात कळलं. असल्या खोक्यात माणूस रात्रभर श्वास सोडतो, शेगडीवर केटली ठेवतो, आणि ती सगळी वाफ थंड भिंतीला लागून तिचा बर्फ होतो. उपाय सोपा आहे. छतावरची झडप दोन बोटं उघडी ठेवायची, वाफ निघून जाते. पण डॉलर मोजून घेतलेल्या गॅसची ऊब छतातून आकाशाला द्यायची हे वर्लिनच्या रक्तात नाही. तो झडप गच्च लावायचा. सकाळी खोकं गरम करणारी गॅसची भट्टी पेटली की छतातून आतल्या आत पाऊस पडायचा. बूट जमिनीला चिकटायचे. गादीची भिंतीकडची बाजू गोठून भिंतीला धरून बसायची, ओढली की फडकं फाडल्यासारखा आवाज. एकदा त्याच्या डोक्याचे केस चिकटले, ते त्याने मासे साफ करायच्या सुरीने कापले. पंपावर कोणीतरी विचारलं तेव्हा म्हणाला, तसेही वाढलेच होते.

संडासाबद्दल मी फार बोलणार नाही. आर्डिसच्या घरात दोन आहेत, दोन्ही उबदार. हा बाबा भल्या सकाळी सगळ्या वायरी काढून, खोक्यासकट गाडी घेऊन पंपावर जायचा आणि परत येऊन सांगायचा, वर्तमानपत्र आणायला गेलो होतो. रविवारीसुद्धा. रविवारी आमच्याकडे वर्तमानपत्र निघतच नाही.

आणि तक्रार? तोंडात मिठाची गुळणी. शून्याखाली तीस असलेल्या रात्रीनंतर विचारलं तर म्हणायचा, जरा गार होतं. मी त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघायचे आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटायची. चाळीस फुटांवर बाई, भट्टी, गरम पाणी, आणि घातलेलं अंथरूण. आणि हा सुरीने केस कापतोय.

यात हसण्यासारखं बरंच होतं आणि आम्ही हसलोही. पण जानेवारीत आर्डिसने मला एक सांगितलं आणि माझं हसू गेलं. तिचा मुलगा टॉड ॲरिझोनात असतो. त्याने घराशेजारी आईसाठी खोली बांधून ठेवली होती, आणि आता शेत घ्यायला एक गिऱ्हाईकही तयार होतं. टॉडला फेब्रुवारीअखेर उत्तर हवं होतं.

"तुला जायचंय?" मी विचारलं.

"वाळवंटात? तिथे लोक अंगणात दगड लावतात, ग्लेनिस. गवत म्हणून दगड." मग म्हणाली, "पण आणखी एक हिवाळा मी या घरात एकटी नाही काढणार. कोणी असतं तर गोष्ट वेगळी."

कोणी म्हणजे कोण, हे अंगणात उभं होतं. मी म्हटलं, मग त्याला सांग ना. ती माझ्याकडे असं बघायला लागली जणू मी तिला चर्चमध्ये नाचायला सांगितलं होतं. तीनदा विचारलंय मी, म्हणाली.

मग मी वर्लिनला गाठलं. मी काही आमच्या लोकांपेक्षा शूर नाही. मी त्याला म्हटलं, ॲरिझोनात म्हणे फार ऊन असतं. तो म्हणाला, ऐकलंय खरं. मी म्हटलं, आर्डिसला ऊन सोसेल का कोणास ठाऊक. त्याने कपातली कॉफी संपवली. मग म्हणाला, तिला जे बरं वाटेल ते. माझी खात्री आहे की त्याला सगळं कळलं होतं. घरी जाऊन तो बहुतेक झोपलाही नसेल. पण आर्डिस पुन्हा विचारणार नाही आणि हा विचारल्याशिवाय आत जाणार नाही, असा पेच पडला होता, आणि दोघंही अतिशय सभ्य असल्यामुळे तो सुटायचं काही कारण नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चर्चमध्ये दोघंही दिसले नाहीत. आदल्या रात्री थंडीने हद्द केली होती, आणि वारा होता. चर्चनंतरच्या जेवणासाठी मी हॉटडिश नेली होती, मांस, नूडल्स आणि वर बटाट्याचा थर. ती तशीच भांड्यासकट उचलली आणि आर्डिसकडे निघाले. लायल मागून म्हणाला, दोघं एकदम आजारी पडलेले दिसतात. बाकीचे हसले. मीही हसले असते, पण मला काही ते बरं वाटत नव्हतं.

अंगणात खोकं उभं होतं. त्याच्या धुराड्यातून वाफ निघत नव्हती. खिडक्या आतून पांढऱ्या; एका खिडकीवर कोणीतरी खरवडून बशीएवढं भोक पाडलं होतं. मी दारावर थाप मारली.

"वर्लिन, आहेस का आत?"

"आहे." आवाज जड, प्यायल्यासारखा.

"बाहेर ये."

"बघतो." मग आतून दार ढकलल्याचा आवाज आला. "दार जरा अडकलंय."

"कधीपासून?"

"उजाडल्यापासून असेल."

"अरे मग हाक का नाही मारलीस?"

आत तो विचार करत असावा. "आर्डिसची कॉफी चालली होती," तो म्हणाला.

मी धावत घरात गेले. आर्डिस चर्चचे कपडे घालून स्वयंपाकघरात बसलेली, कप हातात. तिची गाडी सुरू झाली नव्हती. मग वर्लिनबरोबर का नाही गेलीस, असं मी ओरडलेच. ती म्हणाली, तो काही बोलला नाही, मीच कशी म्हणू. खिडकीतून तीनदा बघितलं त्याच्याकडे. मी हात हलवला, त्याने हात हलवला. मला वाटलं आज त्याला एकटं राहायचंय.

काय झालं ते मग एकेक करून उलगडलं. रात्री आर्डिसने सकाळच्या चर्चसाठी आपली गाडीही गराजमधल्या विजेला लावली होती. गराजच्या एकाच फ्यूजवर दोन इंजिनं, वर्लिनचा छोटा हीटर आणि खोक्याची बॅटरी, फ्यूज उडाला. भट्टीचा पंखा बॅटरीवर चालतो, बॅटरी संपली, पंखा थांबला, भट्टी विझली. झडप नेहमीप्रमाणे गच्च लावलेली, त्यामुळे रात्रभराची सगळी वाफ दाराच्या फटीत जाऊन बसली आणि दगड झाली. फोन गाडीच्या पुढच्या भागात राहिलेला. मधल्या खिडकीतून पुढे जाता आलं असतं, पण ती खिडकी एखाद्या सडपातळ माणसासाठी आहे. शेगडी पेटवायला तो धजला नाही. झडप वरून गोठलेली, आणि बंद खोक्यात शेगडी पेटवून झोपलेले लोक सकाळी उठत नाहीत हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खिडकी फोडता आली असती. पण चांगली काच कोण फोडतं?

आणि हे सगळं होत असताना, चाळीस फुटांवर, बशीएवढ्या भोकातून तो आर्डिसला हात दाखवत होता. ती हलवते म्हणून तोही हलवत होता.

आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि दाराच्या कडेने फिरवलं. मी उलथन्याने बर्फ खरवडत होते. शेवटी दाराचं रबर फाटलं आणि दार उघडलं. वर्लिन बाकावर बसला होता, झोपायच्या पिशवीत, दोन टोप्या घालून. दाढी पिशवीच्या चेनला गोठून चिकटलेली. ओठ निळे. तो आमच्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होता. मला रडू फुटलं, आणि ते लपवायला मी त्याला शिव्या घातल्या. आमच्याकडच्या शिव्या म्हणजे, काय हे, वर्लिन.

त्याला दोन्हीकडून धरून आत आणलं. चुलीजवळच्या खुर्चीत बसवलं, मोजे काढले, पाय ब्लँकेटात गुंडाळले. तो आधी थरथरत नव्हता, मग इतका थरथरायला लागला की खुर्ची वाजत होती, आणि आर्डिस म्हणाली की हे चांगलं आहे. डॉक्टरला बोलवायचं का विचारलं तर त्याने मान हलवली. रविवारी कशाला, म्हणाला. दुपार झाली तसा त्याच्या तोंडावर रंग आला. बोटं सगळी हलली. दोनदा वाढून घेऊन हॉटडिश खाल्ली, अर्थात दोन्ही वेळा आधी दोनदा नको म्हणून. मी प्रत्येक वेळी तीनदा विचारलं. मरता मरता वाचलेल्या माणसालासुद्धा आमच्याकडे रीत सुटत नाही.

आर्डिस समोर बसली होती. तिने काही खाल्लं नव्हतं.

"मी खिडकीत आले होते," ती म्हणाली.

"हो."

"तीनदा आले. तू तीनदा हात हलवलास."

"हो."

"का?"

वर्लिनने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "तू हलवलास म्हणून."

मी बशी पुसत होते ती पुसतच राहिले. आर्डिस त्याच्याकडे बघत होती, आणि शाळेपासून ओळखत असून मी तिचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता. वर्लिनला मात्र एवढंच कळलं की आपण जास्त वेळ बसलो. तो उठला. बूट घातले, कोट घातला. म्हणाला, फार त्रास दिला दोघींना, फ्यूज लावून बघतो, खोकं गरम होईल तासाभरात. जेवणाबद्दल आभार मानले. आणि बाहेर गेला, आपल्यामागे दार हळूच, आवाज न करता लावून घेत.

आर्डिस उठली आणि तिने दाराला कडी घातली.

तुम्हाला यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे दिवसा कडी घालत नाहीत. त्या दाराला कडी आहे हेही मी विसरले होते. ती इतकी गंजलेली होती की तिला दोन्ही हातांनी ढकलावी लागली.

"काय करतेस?" मी म्हटलं. "बाहेर मरेल तो."

"मरणार नाही. हाक मारली की उघडीन." ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, पडद्याच्या आड. "नाही मारली तर तू त्याला तुझ्या गाडीतून घरी ने, आणि मी टॉडला फोन करते."

मी काहीतरी म्हणणार होते, तेवढ्यात ती बोलायला लागली, माझ्याकडे न बघता. "क्लेटन झोपेत गेला असं मी सगळ्यांना सांगितलं. पास्टरलाही. तो झोपेत नाही गेला. रात्री त्याच्या छातीत दुखायला लागलं, तर तो उठून इथे खाली आला. या खुर्चीत बसला. मोजे घालून जिना उतरला, ग्लेनिस, पायऱ्या वाजू नयेत म्हणून. मी सकाळी खाली आले. टेबलावर ॲस्पिरिनची बाटली होती, तिचं झाकण त्याला उघडलं नव्हतं. मी वरच होते. एक हाक मारायची होती." तिने पडदा जरा बाजूला केला. "सगळे म्हणाले, किती शांत माणूस होता, कोणाला कधी त्रास दिला नाही. अजून म्हणतात. मला ते शब्द ऐकवत नाहीत."

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

बाहेर वर्लिन गराजमधून आला. फ्यूज काही लागला नसावा. पिकअपमध्ये बसून त्याने चावी फिरवली. इंजिन रात्रभर गोठलेलं, ते कण्हलं आणि गप्प झालं. तो उतरला. खोक्याच्या उघड्या दारातून आत डोकावला आणि फाटलेलं रबर बोटाने जागेवर बसवायला लागला. ते बसलं नाही. मग तो घराकडे वळला. पोर्चच्या पायऱ्या चढला. दाराची मूठ फिरवली. दार उघडलं नाही.

त्याने दुसऱ्यांदा मूठ फिरवली नाही. दार आतून लागलं आहे, म्हणजे लावणाऱ्याची इच्छा दिसते, असं त्याने ठरवलं असावं. तो नुसता उभा राहिला. माझी गाडी अंगणात होती, त्यात बसता आलं असतं, पण दुसऱ्याच्या गाडीत न विचारता कसं बसायचं? वारा त्याच्या कोटाच्या टोकाला धरून ओढत होता. तो पाय आपटत होता, तेसुद्धा हळू. मी कडीकडे हात नेला आणि आर्डिसने माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता, आणि चांगलाच जोरात धरलं होतं तिने.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मला तर संध्याकाळ झाल्यासारखी वाटली. मनात मी त्याला सगळ्या भाषांत ओरड म्हणून सांगत होते. शेवटी तो दाराजवळ तोंड आणून, चर्चमध्ये कोणाला तरी उठवावं तशा आवाजात म्हणाला, "आर्डिस."

आर्डिसने कडी काढली आणि दार वीतभर उघडलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"काय पाहिजे, वर्लिन?"

त्याने तिच्याकडे बघितलं. आणि मी शपथेवर सांगते, त्या माणसाचं तोंड आपोआप उघडलं आणि आयुष्यभर जे बाहेर पडत आलं तेच बाहेर पडलं.

"काही नाही," तो म्हणाला. "दार चुकून लागलेलं दिसलं, म्हणून म्हटलं तुला सांगावं."

आर्डिसने दार लावलं. कडी घातली. ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि मला म्हणाली, "फोन दे." मी फोन दिला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही. तिने चष्मा शोधला, टॉडचा नंबर काढला. बाहेर पायरी वाजली. मला वाटलं, चालला. जाऊन माझ्या गाडीशेजारी उभा राहणार, मी निघेपर्यंत.

तो एकच पायरी उतरला होता. तिथून तो ओरडला. वर्लिनचा ओरडण्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, डेलोरिसच्या आजारपणातही नाही. तो फाटका, पोरासारखा आवाज होता, आणि पलीकडच्या शेतावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आर्डिस, मला थंडी वाजतेय. हिवाळाभर वाजत होती. सकाळी खूप भीती वाटली मला. मला आत घे, मला तुझ्याकडे राहायचंय."

आर्डिसने फोन माझ्या हातात कोंबला आणि कडीला दोन्ही हात घातले.